चिखलातला चंडोल

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती. हप्ते जमा झाले होते, सह्या चालल्या होत्या. तेवढ्यात एका सदस्येची आठवीतली मुलगी इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घेऊन आली आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, मडलार्क म्हणजे काय?" आम्ही शब्द फोडून सांगितला. मड म्हणजे चिखल, लार्क म्हणजे चंडोल पक्षी. "किती छान नाव!" ती म्हणाली. मग आम्ही या शब्दाची माहिती काढली. तीच आज तुम्हाला सांगतो.

इथे मडलार्क म्हणजे पक्षी नव्हे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये गरिबांच्या पोरांना हे नाव होतं. लंडनच्या थेम्स नदीला समुद्राची भरती-ओहोटी लागते. दिवसातून दोनदा पाणी ओसरतं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. तेव्हा नदीत जहाजांची गर्दी असे. माल चढवता-उतरवताना कोळसा, लोखंडाचे तुकडे, दोरखंड, हाडं असं काहीबाही चिखलात पडे. ओहोटी लागली की मुलं अनवाणी गाळात उतरून ते वेचत. खरा चंडोल गात गात आभाळात चढतो. ही पोरं चिखलात वाकलेली. म्हणजे नाव थट्टेनं पडलेलं.

हेन्री मेह्यू नावाचा एक पत्रकार या लोकांशी जाऊन बोलला. लंडनच्या कष्टकरी गरिबांवरचं त्याचं पुस्तक 1851 मध्ये निघू लागलं. त्यात भाव दिले आहेत. साधारण सव्वासहा किलो कोळशाला एक पेनी. सव्वादोन किलो लोखंडाला एक पेनी. ओल्या दोरखंडाला कमी, सुक्याला जरा जास्त. तांब्याच्या खिळ्यांना सगळ्यांत चांगला भाव, पण ते क्वचितच हाती लागत. दिवसभराची कमाई सरासरी तीन पेनी. पायात काच घुसली तर जखम बांधायची आणि लगेच परत गाळात उतरायचं, कारण पाणी चढलं की त्या वेळची कमाई गेली. थंडीत ही मुलं कारखान्यांतून नदीत सोडलेल्या गरम पाण्यात पाय शेकत.

आणि मैत्रिणींनो, तिथे नुसती मुलंच नव्हती. सहा-सात वर्षांच्या लेकरांच्या शेजारी वयानं वाकलेल्या म्हाताऱ्या बायकाही गाळ उपसत होत्या.

इंग्रजीत असे आणखी शब्द सापडतात. रस्त्यावरच्या पोराला 'अर्चिन' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ अंगावर काटे असलेला एक छोटा प्राणी. दुसरा शब्द 'गटरस्नाइप'. स्नाइप म्हणजे लांब चोचीनं चिखल टोचणारा पाणलावा. पोराला प्राण्याचं, पाखराचं नाव दिलं की ते तिथलंच वाटू लागतं. त्याला तिथे कुणी धाडलं, घरी खायला काय आहे, हे कुणी विचारत नाही.

पुढे इंग्लंडमध्ये 1870 साली शिक्षणाचा कायदा झाला आणि 1880 पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. आज थेम्सच्या काठी मडलार्क म्हणवून घेणारे लोक आहेत, पण ते हौशी. परवाना काढून ते जुनी नाणी, चिलमी, बांगड्या-बटणं शोधतात. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, तशी या शब्दाची फिटली.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. ती मुलगी ऐकत होती. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे आमच्या आईसारखंच." तिची आई रोज पहाटे बाजारपेठेत जाऊन पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक वेचते आणि भंगारच्या दुकानात किलोवर विकते. गल्लीतली पोरं या पोरीला काय म्हणून हाक मारतात, ते इथे सांगत नाही.

आम्ही गटाचं रजिस्टर उघडलं. तिच्या आईच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात आम्हीच लिहिलं होतं, 'काही नाही'. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवणाऱ्या बाईच्या नावापुढे! पुण्यात अशाच कष्टकऱ्यांनी 1993 साली संघटना उभी केली, तेव्हा नाव ठेवलं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. काय वेचतो आणि आपण कोण, दोन्ही त्या नावातच आहे. आम्ही रकान्यातला मजकूर खोडला आणि तिलाच विचारलं, "काय लिहू?" ती थोडं थांबून म्हणाली, "भंगार वेचते, असंच लिहा. खोटं कशाला?"

तसंच लिहिलं. आता तिला हातगाडीसाठी कर्ज हवंय, त्या अर्जातही तेच लिहिलंय. तुमच्याही गटाचं रजिस्टर एकदा उघडून बघा. त्या रकान्यात कुणाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा, आणि तिला विचारून दुरुस्त करा.