पुंगळीचे पितळ आणि पावसाळा

गोळीबाराच्या घटनेनंतर पोलिसांच्या पंचनाम्यात एक वाक्य हमखास असते : 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या आढळल्या.' बातमीत या पुंगळीला एवढेच स्थान मिळते. प्रत्यक्षात बंदुकीच्या काडतुसात सर्वाधिक कौशल्य लागते ते तिच्याच घडणीत. गोळी एकदाच उडते, दारू एकदाच जळते. पितळेची पुंगळी मात्र मागे उरते आणि पुन्हा भरता येते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आदी देशांत अनेक हौशी नेमबाज रिकाम्या पुंगळ्या जमवून, त्यांचा आकार बदलून घरच्या घरी नवी काडतुसे तयार करतात. भारतात हा छंद परवान्याविना थेट तुरुंगाची वाट दाखवणारा आहे. परंतु या पितळेचे एक मोठे कोडे पुढे आले ते भारतातल्याच पावसाळ्यात.

पुंगळीचे काम

काडतुसाचे चार भाग असतात. टोकाला गोळी, आत दारू, बुडाशी आघाताने पेटणारी टोपी आणि या तिन्हींना धरून ठेवणारी पुंगळी. ती साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त अशा पितळेची असते. चाप ओढल्यावर आतला दाब रायफलीत चौरस इंचाला चाळीस हजार पौंडांच्याही वर जातो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब तीस-पस्तीस पौंड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. त्या दाबाने पुंगळी फुगते, बंदुकीच्या पोलादी कोठीला घट्ट चिकटते आणि तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते आणि म्हणूनच बाहेर काढता येते. फुगण्याइतके मऊ आणि परत आकसण्याइतके लवचिक, असे दोन्ही गुण पितळेत एकत्र सापडतात.

अर्थात प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू-टूची काडतुसे वापरतात. त्यांत पेटणारे रसायन बुडाच्या कडेतच भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कड चेपते आणि पुंगळीचे आयुष्य तिथेच संपते. मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांतही दोन घराणी आहेत : अमेरिकेच्या हायरम बर्डन यांची आणि इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांची. बॉक्सर पद्धतीत बुडाला एकच छिद्र असल्याने वापरलेली टोपी सहज निघते. बर्डन पद्धतीत ते कष्टाचे होते. गंमत अशी, की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातील अनेक देशांनी अमेरिकनाची.

कायद्याने घडवलेली मापे

आकार बदलण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. जुन्या बंदुकीचे काडतूस बाजारात मिळेनासे झाले की तिचा धनी तिच्या जवळपासच्या मापाची पुंगळी शोधतो. पोलादी डायमध्ये दाबून तिची मान अरुंद करतो, खांदा मागे नेतो, लांबी कापतो. ही युक्ती हौशी मंडळींची नव्हे, मुळात ती कारखान्यांचीच. ब्रिटिश फौजेने १८७१मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस हे आधीच्या पॉइंट ५७७ स्नायडर काडतुसाची मान पॉइंट ४५० पर्यंत आवळून तयार झाले होते. तिच्या नावातच दोन्ही मापे आहेत.

हिंदुस्थानातील कायद्यानेही पुंगळीला नवे आकार दिले. मार्टिनी-हेन्रीच्या बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या. त्यांना काडतुसे मिळू नयेत म्हणून सरकारने १९०७च्या सुमारास पॉइंट ४५० मापाच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली. वाघ-हत्तींच्या शिकारीच्या बंदुका याच मापाच्या असल्याने इंग्लंडमधील कारागीर अडचणीत आले. त्यांनी पॉइंट ४६५, ४७०, ४७५ अशी शेजारची मापे पुढे आणली. त्यांपैकी पॉइंट ४७० हे पॉइंट ५००ची मान आवळून केलेले होते आणि ते आजही जगात वापरात आहे. फौजेचे पॉइंट ३०३ हे मापही सामान्य परवानाधारकाला वर्ज्य होते. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिशर काडतुसावर आधारलेले पॉइंट ३१५ हे माप हिंदुस्थानात रुजले. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याने याच मापाच्या रायफली परवानाधारकांसाठी बनवल्या.

महाराष्ट्राचा या पितळेशी संबंध जुना आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. तेथील काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे ठोकलेली असत आणि जगभरचे संग्राहक ती ओळखतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४मध्ये आला. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या आयुध कारखान्याचीही ओळख धातुकामाचीच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन या कारखान्यांची विभागणी सरकारी कंपन्यांत झाली. खडकी आणि वरणगाव 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेले.

ठोक्याने कठीण, आचेने मऊ

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत गेलेल्या वाचकांना या धातूंचा स्वभाव वेगळा सांगायला नको. पत्र्यावर हातोडी पडत राहिली की तो कठीण होत जातो आणि एका मर्यादेनंतर तडकतो. म्हणून कारागीर मधूनच भांडे भट्टीत तापवतो. धातू पुन्हा मऊ होतो आणि ठोके सोसू लागतो. पुंगळीचेही तसेच. पितळेच्या जाड चकतीची आधी वाटी होते, ती टप्प्याटप्प्याने ओढून नळी होते आणि दोन टप्प्यांच्या मध्ये तिला तापवावे लागते. कारखान्यात याला 'अनीलिंग' म्हणतात.

मात्र भांडे आणि पुंगळी यांत एक महत्त्वाचा फरक आहे. भांडे सर्वत्र सारखे मऊ असले तरी बिघडत नाही. पुंगळीची मान मऊ आणि बूड कठीणच हवे. सगळा दाब जिथे झेलला जातो ते बूड आचेने मऊ झाले, तर पुढच्याच बाराला ते फाटू शकते. शिवाय प्रत्येक बाराला पितळ थोडे थोडे पुढे सरकते आणि बुडाच्या वरची भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून पुंगळी लख्ख दिसते. एके दिवशी ती तिथूनच दुभंगते. तो क्षण नेमबाजाच्या डोळ्यापासून काही इंचांवर घडतो.

तडकलेली काडतुसे

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेला एक विचित्र अनुभव येऊ लागला. पावसाळ्यात साठवून ठेवलेली, एकदाही न वापरलेली काडतुसे आपोआप तडकत. मानेपाशी बारीक भेगा पडत. उन्हाळ्यात चांगला असलेला साठा पावसाळ्यात निकामी होई. ऋतूशी जोडलेला हा विकार म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले आणि धातुशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही टिकून आहे.

या कोड्याचा उलगडा १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केला. काडतुसांचे साठे घोड्यांच्या पागांजवळ असत. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू निघे. दमट हवेत तो पितळेवर बसे आणि धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमारेषांवरील तांबे विरघळवू लागे. पण एवढ्याने पितळ तडकत नाही. मान आवळताना धातूत जो ताण कोंडून राहिलेला असतो, तो या कमकुवत झालेल्या रेषा उलगडत नेतो. अमोनिया, ओलावा आणि कोंडलेला ताण ही तिन्ही एकत्र आली की भेग ठरलेली. पागा हलवता येतात, पावसाळा हलवता येत नाही. पण ताण काढून टाकता येतो. घडवून झाल्यावर पुंगळीला मंद, मोजकी आच दिली की तो निघतो. म्हणूनच लष्करी काडतुसांच्या मानेवर अनेकदा आचेची निळसर-तपकिरी झाक दिसते. ती डाग नसून खबरदारीची खूण आहे.

डायने आकार बदलता येतो, तो डोळ्यांना दिसतो. पितळेत कोंडलेला ताण मात्र दिसत नाही. आकार बरोबर आला म्हणजे पुंगळी बरोबर झाली, हा समज म्हणूनच घातक आहे. एरवी पितळ उघडे पडते तेव्हा फजिती होते; येथे हात किंवा डोळा जातो.

कायदा काय सांगतो

शस्त्र अधिनियम १९५९च्या व्याख्येनुसार दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे हीदेखील दारूगोळ्यातच मोडतात. कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यास स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. त्याच कायद्यातील कलम ४५ किरकोळ भागांना सवलत देते, मात्र ते इतर पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तरच. फडताळातील एखादी जुनी पुंगळी वेगळी आणि डाय, टोप्या, दारू यांच्या शेजारी मांडलेल्या पन्नास पुंगळ्या वेगळ्या.

भरलेल्या काडतुसाच्या मूळ उपयोगालाही येथे फारसा वाव उरलेला नाही. घोडबंदर रस्त्यावरील चेणे गाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. अशा जंगलालगतच्या गावांतील शिकारीचा काळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ने संपवला. चेणे ज्या मीरा-भाईंदर शहरात येते, तेथे ऑक्टोबर २०२०पासून स्वतंत्र पोलिस आयुक्तालय आहे.

घरात सापडली तर

आजोबांच्या ट्रंकेत, सैन्यातून निवृत्त झालेल्या काकांच्या सामानात पितळेची काडतुसे अनेकदा निघतात. बुडावरील टोपीवर घोड्याच्या आघाताचा खळगा नसेल किंवा टोकाला गोळी असेल, तर ते जिवंत समजावे. ते ठोकू नये, तापवू नये, भंगारात देऊ नये. जवळच्या पोलिस ठाण्याला कळवावे. प्रवासाच्या बॅगेत विसरलेले एक काडतूसही विमानतळावर गुन्हा नोंदवण्यास पुरेसे ठरते.

रिकामी पुंगळी आठवण म्हणून ठेवली असेल, तर ती साफ करताना अमोनियायुक्त द्रव वापरू नये. चिंचेचा कोळ आणि कोरडे फडके पुरे. शंभर वर्षांपूर्वी मानेत कोंडलेला ताण अजूनही तेथे असू शकतो आणि कोकणपट्टीतला पावसाळा तर दरवर्षी येणारच आहे.