खाटेला इनाम मळा

मी वाइनला शिवत नाही. तरीही फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात गेलो, तेव्हा बोन गावापासून मळ्यांमधून जाणाऱ्या वाटेवर भाड्याची सायकल हाणली. वोल्नेच्या चढावर दम लागला, मग सायकल हातात धरून पायी निघालो. चालताना मळ्यांचे दगडी बांध दिसू लागतात. यांतले काही तुकडे इस्पितळाचे आहेत, असं कळलं आणि मी थबकलोच.

युद्धानं नागवलेल्या या मुलखात १४४३ साली ड्यूकचा मंत्री निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन यांनी बोनमध्ये गरिबांसाठी इस्पितळ स्थापलं. (मंत्र्यानं एवढा पैसा कुठून आणला, हे तेव्हाही लोक विचारत असणारच!) पुढे लोक इस्पितळाला मळे दान देत गेले. आपल्याकडे दर्ग्याला, देवळाला जमीन इनाम असते. इथे ती रुग्णाच्या खाटेला. मळ्यांतली वाइन १८५९पासून दर वर्षी लिलावात विकली जाते.

संध्याकाळी बोनला परतून ती जुनी इमारत पाहिली. १९७१पर्यंत तिथे रुग्ण होते, आता संग्रहालय आहे. लांबलचक दालनात लाल पडद्यांच्या खाटा ओळीनं मांडल्यात. नोव्हेंबरातला लिलाव अजून होतो आणि पैसा गावच्या नव्या इस्पितळाला जातो.