शब्दवेध : ज्वालामुखी आणि ट्रॅप

अंबरनाथ एमआयडीसीच्या जवळचा मलंगगड पाहून तो विझलेला ज्वालामुखी असावा, असे सहज वाटते. हा समज शब्दानेच पोसला आहे. ज्वाला जिच्या मुखात ती ज्वालामुखी. हिमाचलातील कांगड्याच्या देवीचे हे नाव, आणि तिथल्या ज्योती खडकातून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या. शब्दात मुख गृहीतच आहे. फुजी, व्हेसुव्हियस यांना तो शोभतो, कारण तिथे लाव्हा आणि राख मुखाभोवती थरांवर थर साचून उंच शंकू उभा राहिला. दख्खनचा काळा खडक, बेसाल्ट, मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबलचक भेगांतून वाहिलेल्या पातळ लाव्हाचा आहे. त्यासाठी भूशास्त्राने पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ घेतला.

थर तर दोन्हीकडे आहेत, असा आक्षेप येईल. पण शंकूचे थर मुखापासून चहूकडे उतरतात. सह्याद्रीतले बहुतांशी आडवे पसरले आहेत, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. मलंगगडाचा सुळका त्यांच्या झिजेतून उरला. १०६० सालचे अंबरनाथचे शिवमंदिरही याच काळ्या खडकाचे आहे. शिक्षकांनी ‘ट्रॅप’ शिकवताना त्यातली पायरी मुलांना समोरच्या डोंगरात जरूर दाखवावी.