पाण्याच्या मापातला पासंग

आज पिकावर नाही, पाण्याच्या मापावर लिहितोय. थोडं लांबलंय, पण ज्यांच्या सामाईक पाईपलाईनीवर मीटर बसलेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमची नऊ खातेदारांची सामाईक लाईन. आधी पाळी तासावर होती. रोजची कुरबुर नको म्हणून प्रत्येकाच्या फाट्यावर छोटा इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर बसवला आणि लाईटबिल त्या आकड्यावर वाटायचं ठरलं. लागोपाठ दोन हंगाम सगळ्यात मोठा आकडा टोकाच्या काकूंचा. लोक कुजबुजायला लागले, "काकू रात्री व्हॉल्व्ह उघडतात." काकू बिल भरायच्या आणि एकच म्हणायच्या, "माझा कांदा बघा, एवढं पाणी प्यालेला दिसतो का?"

कांदा खरंच तहानलेला होता. मग मी या मापाच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता पार मागे गेलो.

आपल्या जिल्ह्यात भंडारदऱ्याचं धरण १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरं झालं. प्रवरेच्या पाटाचं पाणी आलं, ऊस आला, पुढं लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. पण पाणीपट्टी पाण्यावर नव्हती, पिकावर आणि एकरावर होती. सात नंबर फॉर्म भरायचा, पीक लिहायचं, क्षेत्र लिहायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तिचाही हिशेब क्षेत्राचाच. त्यामुळं एकरात दुप्पट पाणी सोडणारा आणि निम्म्यात भागवणारा, दोघांची पट्टी सारखी. वरच्याची जमीन चिबडली आणि टेलचा माणूस कोरडा राहिला, त्याला हेही एक कारण.

पाणी मोजायची विद्या नव्हती असं नाही. मुंबई इलाख्यानं १९१६ साली पाण्याच्या अभ्यासासाठी पुण्याजवळ एक विभाग काढला. तेच आजचं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. तिथल्या क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरनं १९२८ मध्ये स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूमवर टिपण छापलं. चारीच्या तोंडाशी आवळलेला सिमेंटचा घसा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पाणी त्यातून जोरात निघतं, पुढं एक लाट उभी राहते, आणि अलीकडच्या गेजवरची उंची वाचली की क्युसेक कळतात.

त्यातली गोम अशी की उंची वाचताना दहा टक्के चुकलं, तर पाणी पंधरा टक्क्यांनी चुकतं. गेजवर तीस सेंटिमीटर पाणी असताना कुणी तेहेतीस वाचले, की झालं. पुढं गवत माजून पाणी तुंबलं तर लाटच मोडते, आणि गेज असतं त्यापेक्षा जास्त पाणी दाखवतो.

तरी त्या मापावर भरवसा ठेवून आपल्याच जिल्ह्यात मोठं काम झालं. मुळा उजव्या कालव्यावर, नेवासे तालुक्यात चांद्याला, सात नंबरच्या मायनरवर १९८० च्या दशकात शेतकऱ्यांची दत्त सहकारी पाणी वाटप संस्था उभी राहिली. मायनरच्या तोंडाशी पाणी मोजून घ्यायचं आणि आत आपलं आपण वाटायचं. राज्यातल्या अशा पहिल्यावहिल्या संस्थांमधली ही एक. पुढं २००५ साली कायदाच झाला: पाणी वापर संस्थेला पाणी घनमापानं द्यायचं. म्हणजे माप चुकलं की थेट पैसा चुकला.

आता आमच्या फाट्यावरच्या मीटरकडं येतो. त्याची गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. मायकेल फॅरडे हा लोहाराचा पोरगा. चुंबकाजवळ तार हलवली की तारेत वीज येते, हे त्यानं १८३१ ला दाखवलं. मग त्याला वाटलं, पाण्यातूनही वीज वाहते, आणि पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे. म्हणजे वाहत्या नदीतही वीज यायला पाहिजे. जानेवारी १८३२ मध्ये त्यानं वॉटर्लू पुलावर ९६० फूट तांब्याची तार टाकली, दोन टोकांना तांब्याचे पत्रे बांधून थेम्स नदीत सोडले आणि काटा बघत बसला. काटा हलायचा, पण नदीच्या वेगाशी त्याचा मेळ बसेना. पत्रे आणि पाणी मिळून स्वतःचीच बॅटरी तयार होत होती, आणि नदीच्या तळातूनही वीज निसटत होती. विचार बरोबर होता, माप हाती लागलं नाही.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९५० च्या दशकात, हॉलंडमध्ये गाळ उपसणाऱ्या बोटींवर असे मीटर चालायला लागले. गाळाच्या पाण्यात पंख्याचा मीटर अडकतो. ह्यात अडकायला काहीच नाही. दोन बाजूंना चुंबकाची कॉईल, आतून वीज न वाहणारं अस्तर, आणि समोरासमोर दोन बटणं, म्हणजे इलेक्ट्रोड. पाणी जितकं वेगात, तितका व्होल्टेज जास्त.

फॅरडेला छळणाऱ्या त्या बॅटरीचाही बंदोबस्त झाला. चुंबक सारखा उलटा-सुलटा करायचा. पाण्याचा व्होल्टेज चुंबकाबरोबर दिशा बदलतो, बॅटरीचा बदलत नाही. दोन्ही वाचून वजाबाकी केली की खरं ते उरतं. आपली जुनी माणसं तराजूची पारडी बदलून पासंग ओळखायची, तसंच हे.

मग आमचा मीटर का चुकला? १९६२ साली आर्थर शर्क्लिफनं या मीटरच्या गणितावर पुस्तक लिहिलं. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा एवढाच: इलेक्ट्रोडजवळच्या पाण्याला मीटर जास्त किंमत देतो. एल्बोतून वळलेलं पाणी एका अंगाला रेटून चालतं, म्हणून मीटरच्या आधी साधारण पाईपच्या व्यासाच्या पाचपट आणि नंतर दोन-तीनपट सरळ पाईप लागतो. काही बुटक्या मीटरांत मधला घसा मुद्दाम आवळलेला असतो, त्यांना कमी चालतं. ते माहितीपत्रकात बघायचं, दुकानदाराच्या तोंडावर जायचं नाही. दुसरं, मीटर फक्त वेग मोजतो. पाईप भरलेलाच आहे असं तो धरून चालतो.

काकूंचा फाटा उतारावर. मीटर एल्बोला चिकटून, पुढं पाईप मोकळा सुटलेला, म्हणजे वरचा भाग हवेचा. पाईप प्लास्टिकचा असून अर्थिंगची रिंगही नव्हती.

एका सकाळी सगळ्यांना बोलावलं. काकूंचा हौद पाच मीटर बाय चार मीटर. पाणी पन्नास सेंटिमीटर चढलं म्हणजे बरोबर दहा हजार लिटर. तेवढं चढलं तेव्हा मीटरवर अकरा हजार आठशे. अठरा टक्के जास्त! कुणी काही बोललं नाही.

मग मीटर काढला. पाणी खालून वर चढतं अशा उभ्या तुकड्यात बसवला, म्हणजे पाईप कायम भरलेला. आधी दहापट सरळ पाईप ठेवला, अर्थिंगची रिंग टाकली. परत तोच हौद, तेच पन्नास सेंटिमीटर. आकडा आला दहा हजार शंभर.

दोन हंगामांचे जादा घेतलेले पैसे आठ जणांनी काकूंना परत दिले. पैसे परत देता आले. ज्यांनी रात्रीच्या व्हॉल्व्हची गोष्ट पसरवली, त्यात मीही एक होतो. मी जाऊन माफी मागितली. काकू म्हणाल्या, "चहा घे आधी."

हे आज लिहायचं कारण निळवंडे. २६ ऑक्टोबर २०२३ ला डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं. तो कालवा ८५ किलोमीटरचा, आणि पुढं पाणी बंदिस्त पाईपातून वाटायचं आहे. १८२ गावं आहेत त्यावर. पाईप आला की गेज जाणार आणि मीटर येणार. पाटाच्या गेजवर निदान चार जण वाकून बघायचे, पाटकऱ्याशी भांडायचे. मीटरचा आकडा काचेमागं असतो, त्याच्याशी कुणी भांडत नाही.

म्हणून सांगतो, रब्बीचं पहिलं आवर्तन सुटायच्या आत प्रत्येक मीटर एकदा हौदावर तपासा. टेप, घड्याळ आणि ज्यांचा हिशेब आहे ते सगळे खातेदार, एवढंच लागतं. निघालेला आकडा वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि सुरुवात टोकाच्या माणसापासून करा.