आग कोणी लावली? न्यूयॉर्क, १७४१

प्रॉडक्शनवर काही कोसळलं की दोन प्रश्न येतात: काय झालं, आणि कोणी केलं? दुसऱ्याचं उत्तर आधी मिळालं की पहिल्यात कोणाला रस उरत नाही. आपल्याकडे फार तर कोणाचं अप्रेझल जातं. १७४१ च्या न्यूयॉर्कमध्ये माणसं गेली.

तेव्हा न्यूयॉर्क म्हणजे मॅनहॅटनच्या टोकावरचं जेमतेम ११ हजार वस्तीचं ब्रिटिश गाव. गादीवर दुसरा जॉर्ज. साधारण दर पाचवा माणूस गुलाम!

२८ फेब्रुवारीच्या रात्री रॉबर्ट हॉग नावाच्या दुकानदाराकडे चोरी झाली. कापड आणि चांदीची नाणी गेली. संशय आला सीझर आणि प्रिन्स या दोन गुलामांवर. माल लपवला म्हणून जॉन ह्यूसन हा गुत्तेवालाही अडकला. इथपर्यंत साधी चोरीची केस.

१८ मार्चला किल्ल्यातलं गव्हर्नरचं घर जळालं. त्याच दिवशी एक प्लंबर छपराची गळती दुरुस्त करून गेला होता, त्यामुळे सुरुवातीला त्याच्याच निखाऱ्यांवर खापर फुटलं. मग आगी लागतच राहिल्या. ६ एप्रिलला तर एका दिवसात चार! त्यातल्या एका गोदामातून कफी नावाचा गुलाम पळताना कोणीतरी पाहिला आणि जमावाने त्याला तुरुंगात नेऊन टाकलं. प्लंबर विसरला गेला. आता चोरी आणि आगी हा एकच 'कट' होता.

पण साक्षीदार कुठाय? गुलामाची साक्ष फक्त गुलामाविरुद्ध चाले, गोऱ्याविरुद्ध नाही. म्हणून ह्यूसनच्या गुत्त्यावरची सोळा वर्षांची करारबद्ध मोलकरीण, मेरी बर्टन, एकदम महत्त्वाची झाली. चोरीबद्दल ती बोलायला तयार होती, आगीबद्दल नाही. एकीकडे तुरुंगाची धमकी, दुसरीकडे १०० पौंडांचं बक्षीस आणि करारातून सुटका. बोलली मग!

आता बाकीची व्यवस्था बघा. गावातले वकील झाडून सरकारच्या बाजूने, गुलामांना वकीलच नाही. सीझर आणि प्रिन्सला ११ मे रोजी चोरीसाठी फाशी झाली. आगीची कबुली त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही. ३० मे रोजी कफी आणि क्वॅक यांना खांबाला बांधलं. सरण रचलेलं बघून दोघांनी कबुली दिली. शेरीफ शिक्षा थांबवायच्या विचारात होता, पण जमाव ऐकेना. दोघांना जाळलं.

जूनमध्ये जाहीर झालं की १ जुलैच्या आत कबूल कराल तर माफी. पुढे काय झालं असेल? कबुल्यांचा पूर आला, आणि प्रत्येक कबुलीत नवी नावं. एकूण १३ कृष्णवर्णीयांना जाळलं, १७ जणांना फाशी. ह्यूसन, त्याची बायको आणि आणखी दोन गोरे फासावर गेले. सत्तरहून जास्त लोकांना वसाहतीबाहेर पाठवलं.

हे थांबलं कधी? मेरी प्रतिष्ठित घरांकडे बोट दाखवू लागली तेव्हा. एकाएकी न्यायाधीशांना तिच्या शब्दावर शंका येऊ लागली. बक्षीस मात्र तिला मिळालं.

खरंच कट होता का, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. चोरी खरी होती. काही आगी लावलेल्या असू शकतील. क्वॅकला किल्ल्यातल्या स्वतःच्या बायकोला भेटायला बंदी होती, म्हणजे रागाला कारण होतं. पण 'कबूल कर किंवा मर' हा इनपुट दिला की आउटपुट एकच येतो, त्यातून सत्य शोधायचं कसं? आज ज्या कागदांवरून आपण हे सगळं वाचतो, ते प्रामुख्याने डॅनियल हॉर्समंडन यांनी १७४४ मध्ये छापले. हे त्याच खटल्यातले एक न्यायाधीश. म्हणजे लॉगसुद्धा आरोप करणाऱ्यांचेच!

ऑनसाइटला न्यूयॉर्कला असाल तर लोअर मॅनहॅटनमध्ये आफ्रिकन बरिअल ग्राउंड जरूर बघा. १९९१ मध्ये सरकारी ऑफिसचा पाया खणताना तिथे चारशेहून जास्त जणांचे अवशेष सापडले. बहुतेकांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत.