स्पोर्ट्स कारचे हेडलाइट बदलताना : जर्मनीतील नियम आणि रात्रीची दृष्टी

ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मनीत घड्याळे एक तास मागे जातात आणि कार्यालयातून घरी परतण्याचा प्रवास काळोखात शिरतो. डिसेंबरमध्ये बर्लिनला दुपारी चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. हौसेने घेतलेली दहा-पंधरा वर्षे जुनी स्पोर्ट्स कार अशा वेळी उणी वाटू लागते ती इंजिनामुळे नव्हे, तर दिव्यांमुळे. उपाय सोपा भासतो : अधिक तेजस्वी बल्ब मागवायचे आणि बसवायचे. पुण्या-मुंबईत हे काम ॲक्सेसरीजच्या दुकानात अर्ध्या तासात उरकते. जर्मनीत मात्र चुकीच्या बल्बमुळे संपूर्ण गाडीचीच रस्त्यावर धावण्याची परवानगी संपुष्टात येऊ शकते.

प्रश्न अंतराचा आहे

जर्मन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये थांबण्याच्या अंतराचे एक ढोबळ सूत्र शिकवतात. ताशी वेगाला दहाने भागून तिनाने गुणले की प्रतिक्रियेचे अंतर मिळते. दहाने भागून आलेल्या संख्येचा वर्ग केला की ब्रेकचे अंतर मिळते. ताशी १०० किलोमीटर वेगाला ही बेरीज १३० मीटर होते, तर ऑटोबानच्या १३० या शिफारशीच्या वेगाला २०८ मीटर. जुन्या हॅलोजन दिव्याचा डिपर साधारण ६० ते ७० मीटरच उजळतो. म्हणजे काळोख्या रस्त्यावर डिपरच्या भरवशावर ताशी ७० किलोमीटरपलीकडे जाणे हे न दिसणाऱ्या रस्त्यावर जाणे होय. दृष्टीच्या टप्प्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, असे जर्मन वाहतूक नियमावलीचे कलम ३ सांगते. ऑटोबानवर पुढील गाडीचे मागचे दिवे स्पष्ट दिसत असतील आणि पुरेसे अंतर राखले असेल, तर कलम १८ थोडी सवलत देते. चांगल्या दिव्यांची गरज म्हणूनच खरी आहे.

बल्ब नव्हे, संपूर्ण दिवा

हॅलोजन एच७ बल्बमधील तार अवघी चार मिलिमीटरच्या आसपास लांब असते. परावर्तकाचा किंवा भिंगाचा प्रत्येक भाग त्या तारेची जागा गृहीत धरून आखलेला असतो. त्यातूनच डिपरच्या झोताची वरची धारदार सीमा तयार होते : खाली उजेड, वर अंधार. प्रकाशाचा उगम किंचितही सरकला किंवा त्याचा आकार बदलला, तर ही सीमा विस्कटते. उजेड समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो आणि दूरचा रस्ता मात्र तेवढाच काळोखा राहतो. गाडीच्या अगदी पुढ्यात उजेड वाढला, तर डोळे त्याला सरावतात आणि दूरचे आणखी कमी दिसते. ‘दिवा जोरदार लागतो’ आणि ‘रस्ता चांगला दिसतो’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या अशा.

जर्मन वाहन-नोंदणी नियमावलीच्या कलम २२अ नुसार दिव्यांच्या भागांना प्रकार-मान्यता आवश्यक असते. तिची खूण म्हणजे वर्तुळातील ‘ई’ आणि देशाचा क्रमांक. जर्मनीचा क्रमांक १. कलम १९ नुसार इतरांना धोका संभवेल असा बदल केल्यास वाहनाची ‘बेट्रीब्सएरलाउब्निस’, म्हणजे धावण्याची परवानगी, आपोआप संपते. वाहतूक सुरक्षेस लक्षणीय बाधा आल्यास ९० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत एक गुण ठरतो. अपघात त्या बदलामुळे घडला, तर विमा कंपनी जखमी व्यक्तीला भरपाई देते, पण गाडीमालकाकडून ५,००० युरोपर्यंत वसुली करू शकते.

एलईडी बल्ब : २०२० नंतरचा बदल

अनेक वर्षे हॅलोजन दिव्यात एलईडी बल्ब घालणे जर्मनीत सरसकट बेकायदा होते. २०२० च्या शरद ऋतूत ओसरामच्या ‘नाइट ब्रेकर एलईडी’ या एच७ बल्बला फेडरल मोटार वाहन कार्यालयाची सर्वसाधारण मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी फिलिप्सचा बल्बही आला. ही मान्यता सरसकट नाही. ती उत्पादकाच्या यादीतील ठरावीक गाड्यांपुरती आणि हेडलाइटवर छापलेल्या ठरावीक मान्यता-क्रमांकापुरतीच असते. काही गाड्यांत सोबतचा अडॅप्टर किंवा झाकण बसवणेही सक्तीचे असते. मान्यतापत्र गाडीत बाळगावे लागते. ती राष्ट्रीय मान्यता असल्याने सीमेपलीकडे जाताना त्या देशाचा नियम आधी पाहावा.

एक गोष्ट हिवाळ्यात ध्यानात ठेवावी. एलईडी पुढच्या बाजूस फारशी उष्णता टाकत नाही, त्यामुळे काचेवर साचलेला बर्फ आपोआप वितळत नाही.

झेनॉनचा मोह

एच७ हॅलोजन बल्ब सुमारे १,५०० ल्युमेन देतो, तर डी२एस झेनॉन बल्ब सुमारे ३,२००. आकडा मोहक असला, तरी हॅलोजन दिव्यात झेनॉनचे किट घालण्यास मान्यता नाही. कलम ५० नुसार झेनॉनसाठी दिव्याची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा, काच धुणारी यंत्रणा आणि अपर लावल्यावरही डिपर चालू राहण्याची सोय हवी. म्हणून त्याच मॉडेलचे मूळ झेनॉन हेडलाइट, धुरांवरील सेन्सर आणि फवाऱ्यासह बसवणे हाच वैध मार्ग. तो महाग असतो, पण टिकाऊही असतो.

परदेशातून आणलेली गाडी

ब्रिटनमध्ये काही वर्षे काढून जर्मनीत आलेली मराठी कुटुंबे कधी गाडीही सोबत आणतात. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीच्या डिपरचा झोत डावीकडे अधिक लांब जातो. जर्मनीत तोच समोरच्या गाडीवर पडतो. काही दिव्यांत हा झोत बदलण्याची सोय असते, नाहीतर उजव्या वाहतुकीचे हेडलाइट घ्यावे लागतात. अमेरिकेतून आलेल्या गाडीवर बहुधा ‘ई’ खूण नसते, त्यामुळे नोंदणीपूर्वी तपासणी संस्थेशी बोलावे.

कोणत्या क्रमाने जावे

प्रथम काच पाहावी. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडली असेल, तर नवा बल्बही निरुपयोगी. घासून चकाकवताना वरचा संरक्षक लेप जातो आणि त्यावर तपासनीस आक्षेप घेऊ शकतात, हेही जाणून असावे.

दुसरे, झोताची उंची. बहुतेक डिपरसाठी दिव्यावरच ‘१ टक्का’ छापलेले असते, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर उतार. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली असेल, तर हे मोजमाप हमखास बिघडते. दर ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील मान्यताप्राप्त कार्यशाळांत दिव्यांची तपासणी मोफत होते. १९५६ पासून हा उपक्रम चालू आहे.

तिसरे, ‘ई’ खुणेचे नवे हॅलोजन बल्ब दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसवावेत. जुने बल्ब काळानुसार मंदावतात. एवढ्यावर भागले नाही, तरच यादीतील एलईडी, आणि शेवटी संपूर्ण हेडलाइट.

पहिल्या तीन पायऱ्यांचा खर्च थोडा आहे आणि अनेकांची तक्रार तेथेच मिटते. उरलेल्यांनी खरेदीपूर्वी हेडलाइटवरील क्रमांक टिपून घ्यावा आणि तो उत्पादकाच्या यादीशी ताडून पाहावा. समोरून येणाऱ्या चालकालाही तोच रस्ता दिसायला हवा, हे या साऱ्या नियमांमागचे कारण आहे.