मूत्रपिंडाची साक्ष

इ. स. १९३७ च्या आक्टोबरांत अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांतल्या टल्सा शहरीं डॉक्टरांच्या ध्यानांत एक विलक्षण गोष्ट आली. सल्फानिलामाइडचें गोड, रास्पबेरीच्या चवीचें पातळ औषध घेतलेल्या रुग्णांची लघवी बंद होऊं लागली व त्यांतील कांहीं दगावले. गोळीच्या रूपानें हें औषध आधींपासून वापरांत होतें. त्याविषयीं अशी तक्रार नव्हती. पातळ औषधांत मात्र तें विरघळविण्यासाठीं डायएथिलीन ग्लायकोल घातलें होतें. त्याचा रंग, चव व वास पाहिला गेला होता. तें पोटांत गेल्यावर काय करतें, हें पाहिलें नव्हतें. तशी सक्ती करणारा कायदाही तेव्हां तेथें नव्हता.

रुग्णांच्या रक्तांत युरियासारखीं टाकाऊ द्रव्यें सांचलेलीं आढळलीं. मूत्रपिंडें काम करीनाशीं झालीं, एवढें त्यावरून कळलें. परंतु शरीरांतील पाणी आटल्यानेंही युरिया वाढतो; उलटपक्षीं मूत्रपिंडाचा बराच भाग निकामी होईपर्यंत तो वाढतही नाहीं. म्हणून रक्ताची साक्ष एकटी पुरत नाहीं. मृतांच्या मूत्रपिंडांचे काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां त्यांतील बारीक नलिकांच्या पेशी पाण्यानें फुगलेल्या दिसल्या. इजा कोठें झाली हें त्यावरून कळलें. कशानें झाली हें कळावयाचें होतें.

शिकागो विद्यापीठांत यूजीन गायलिंग ह्यांनीं उंदीर, ससे व कुत्रे ह्यांना तें पातळ औषध आणि नुसतें ग्लायकोल वेगवेगळें दिलें. विकृतिशास्त्रज्ञ पॉल कॅनन ह्यांनीं रुग्णांतील व प्राण्यांतील विकृति परस्परांशीं ताडून पाहिल्या. नुसत्या ग्लायकोलनेंही लघवी थांबली आणि त्याच नलिका तशाच फुगल्या. दोष द्रावकाचा ठरला.

तें औषध घेऊन १०५ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत ३४ मुलें होतीं. जून १९३८ मध्यें नवा कायदा झाला व औषध विकण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याचा पुरावा देणें भाग पडलें. आजही अशा परीक्षणांत प्रत्येक प्राण्याचें रक्त, लघवी, अवयवांचें वजन व पेशीजालाचे काप एकत्र जुळवून वाचतात. रक्त बदललें पण अवयव शाबूत आहे, कीं अवयवाला इजा होऊनही रक्त अद्याप गप्प आहे, हें त्यावांचून उमगत नाहीं.

१९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ह्याच ग्लायकोलनें दूषित झालेलें ग्लिसरीन दिलें गेल्यानें १४ रुग्ण दगावले. विषाची ओळख जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वींच पटली होती. रुग्णाला पाजण्यापूर्वीं त्या बाटलींत तें शोधलें गेलें नाहीं.